लेझरने चष्मा घालवायचाय? आधी तपासणीचे पैसे मोजा

लेझरने चष्म्याचा नंबर घालवायला किती खर्च येतो? पुण्या-मुंबईत या प्रश्नाला २५ हजारांपासून दीड लाखापर्यंत कुठलंही उत्तर मिळतं, आणि प्रत्येक उत्तर आपापल्या जागी खरं असतं. शस्त्रक्रियेचा प्रकार बदलला, यंत्र बदललं, शहर बदललं की आकडा बदलतो. म्हणून दहा ठिकाणी फोन करून दर विचारण्यात फारसा अर्थ नाही. तुम्हाला कुठली शस्त्रक्रिया चालेल, मुळात चालेल का, हे तुमच्या डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. पहिला खर्च तपासणीवर करा. ती होईपर्यंत ॲडव्हान्सचा एक रुपयाही देऊ नका, मग ‘ऑफर आज संपतेय’ असं कोणी कितीही सांगो.

ही तपासणी साधारण १ ते ३ हजारांत होते. काही ठिकाणी शस्त्रक्रिया तिथेच केली तर ही रक्कम बिलातून वजा करतात. तपासणीत नंबर तर काढतातच, पण खरी महत्त्वाची दोन मोजमापं म्हणजे कॉर्नियाची जाडी आणि त्याचा आकार. जाडी सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेझर एका नंबरमागे त्यातले अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन झिजवतो. नेहमीच्या लॅसिकमध्ये वरची जी पातळ चकती उचलतात, तिचे १००–१२० मायक्रॉन वेगळे. एवढं सगळं वजा जाऊन खाली निदान २५० मायक्रॉन उरायलाच हवेत, आणि सावध डॉक्टर ३००च्या खाली जायला तयार नसतात. समजा, एखाद्याचा नंबर उणे ७ आहे आणि कॉर्निया ४९० मायक्रॉनचा. चकतीचे ११०, नंबरचे साधारण १००, उरले २८०. अशा माणसाला डॉक्टर लॅसिक नको म्हणाले, तर त्यांचे आभार मानावेत. दुसरीकडे कुठेतरी ‘करून टाकू’ म्हणाले, तर तिथून उठून यावं.

आकाराचा नकाशाही तितकाच मोलाचा. कॉर्निया आधीच कमकुवत असेल आणि शंकूसारखा पुढे येऊ लागला असेल (डॉक्टर त्याला केराटोकोनस म्हणतात), तर लेझरने तो आणखी ढासळतो. दर वर्षी सिलिंडर नंबर वाढत असेल, सतत डोळे चोळायची सवय असेल, घरात कुणाला हा त्रास असेल, तर हे न लपवता सांगा. डोळ्यांचा कोरडेपणाही तपासून घ्या. मोठ्या उणे नंबरवाल्यांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदाही पाहून घ्यायचा. नंबर गेला तरी पडदा तसाच पातळ राहतो आणि त्याची तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. हे थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं, तेव्हा त्या दिवशी स्कूटर घेऊन जाऊ नका.

तपासणीला जाण्याआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवाव्या लागतात: मऊ लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि सगळी मोजमापं चुकतात. आदल्या दिवसापर्यंत लेन्स घालून या, काही होत नाही, असं सांगणारं केंद्र मला भरवशाचं वाटत नाही. वय १८ पूर्ण हवं आणि नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना थांबायचं.

आता दर. पुढचे आकडे दोन्ही डोळ्यांचे आणि ढोबळ आहेत. पीआरके किंवा पात्याने केलेलं जुनं लॅसिक २५ ते ५० हजार. चकती लेझरनेच कापणारं फेम्टो लॅसिक ६० ते ९० हजार. चकती न उचलता बारीक छेदातून आतला पापुद्रा काढणारं स्माइल ९० हजार ते दीड लाख. कॉर्निया पातळ किंवा नंबर फार मोठा असेल तर डोळ्याच्या आत लेन्स बसवतात, तिचा खर्च १ लाखाच्या पुढेच धरून चाला. स्माइलसारख्या प्रकारांत प्रत्येक डोळ्यामागे कंपनीचं एकदाच वापरायचं साहित्य आणि शुल्क लागतं, त्यामुळे तो दर फारसा खाली येत नाही. पण महाग म्हणजे तुमच्यासाठी चांगलं, असं समीकरण मांडू नका. पातळ कॉर्नियावाल्याला, किंवा कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्याला, सगळ्यात स्वस्त पीआरके हाच बरेचदा योग्य सल्ला असतो, कारण त्यात चकतीच नसते. त्याची किंमत वेगळ्या रूपात द्यावी लागते: तीन दिवस चांगलंच दुखतं आणि नजर स्थिरावायला वेळ लागतो.

अंदाजपत्रक हातात आलं की पहिल्यांदा ‘प्रति डोळा’ हे शब्द शोधा. फलकावरचा मोठा आकडा बहुधा एकाच डोळ्याचा असतो. मग विचारा: सिलिंडर नंबरचे वेगळे पैसे आहेत का? थेंब धरले आहेत का? (नसतील तर दीड ते चार हजार जास्तीचे.) नंतरच्या तपासण्या किती महिने फुकट? थोडा नंबर उरला तर पुन्हा लेझर करण्याचे पैसे पडतात का, आणि पडत नसतील तर ती सवलत किती वर्षं? शस्त्रक्रिया कोण करणार, तपासणारे डॉक्टर की दुसरे कोणी? ही उत्तरं कागदावर लिहून घ्या. बिनव्याजी हप्त्याची सोय सांगितली, तर रोख भरल्यास किती सूट मिळते तेही विचारा, म्हणजे व्याज कुठे दडलंय ते कळतं. नांदेड-लातूरकडून किंवा कोकणातून येणाऱ्यांनी सोबतच्या माणसासह दोन रात्रींचा मुक्काम धरावा, कारण दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवून चालत नाही.

मेडिक्लेमवर विसंबू नका. विमा नियामकाच्या ठरावीक अपवादांनुसार ७.५ पेक्षा कमी नंबरचा खर्च विम्यातून वगळता येतो. नंबर त्याहून मोठा असेल तर मात्र कंपनीला आधी लेखी विचारा. आणि भरतीची तयारी करणाऱ्यांनी जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नये. रेल्वेत लोको पायलटसारख्या पदांना लॅसिक झालेला उमेदवार चालत नाही. सैन्यदलांचे शाखेनुसार वेगळे नियम आहेत. नोकरीसाठी म्हणून चष्मा घालवायचा आणि त्याच कारणाने ती नोकरी हुकायची, अशी वेळ कोणावरही येऊ नये.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची भीती बहुतेकांना असते, आणि ती तपशील कळल्यावर कमी होते. इंजेक्शन नाही, टाके नाहीत, भूल फक्त थेंबांची. पापण्या मिटू नयेत म्हणून एक चाप लावतात. मग लॅसिक-स्माइलमध्ये डोळ्यावर एक कडं टेकवून दाब देतात, तो क्षण सगळ्यात अवघड. दुखत नाही, पण डोळा जड वाटतो, आणि काही सेकंद समोरचं अंधुक होतं, कधी पूर्ण अंधारतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस हबकतो. लॅसिकमध्ये पुढे टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास. समोरच्या ठिपक्याकडे पाहत राहायचं. नजर जराशी हलली तर यंत्र तिचा माग घेतं, जास्त हलली तर लेझर थांबतो. दोन्ही डोळे मिळून अर्ध्या तासाच्या आत माणूस टेबलावरून उठतो. लॅसिकच्या या लेझरला एक्सायमर म्हणतात; त्याने शरीरातली ऊती भोवतालचा भाग न जाळता कापता येते, हे १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत ज्यांनी दाखवलं, त्यांत भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते.

घरी गेल्यावर चार-सहा तास डोळे चुरचुरतात, पाणी गळतं. झोप काढावी. लॅसिक किंवा स्माइलनंतर दोन-तीन दिवसांत कामावर जाता येतं, पीआरकेनंतर आठवडा-दहा दिवसांची रजा काढावी. आठवडाभर डोळ्यांत नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, महिनाभर तलाव-विहिरीत उतरायचं नाही, आणि डोळे चोळणं कायमचं बंद. तारीख ठरवताना पंचांगही पाहा: रंगपंचमी, विसर्जन मिरवणुकीचा गुलाल, मळणीची धूळ यांच्या तोंडावर शस्त्रक्रिया नको. कोरडेपणा बहुतेकांना काही महिने जाणवतो. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसू शकतात. बहुतेकांची ती हळूहळू कमी होतात, काहींची राहतात. रात्रीचं ड्रायव्हिंग हेच ज्यांचं पोट आहे, त्यांनी याचा विचार आधीच करावा. अचानक नजर कमी झाली किंवा दुखणं वाढलं, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतो, तो लेझर करूनही लागतोच. वयाच्या ४२व्या वर्षी लाखभर रुपये घालून लांबचा नंबर घालवायचा आणि लगेच जवळचा चष्मा घ्यायचा, हे तुम्हाला पटतंय का, ते स्वतःशी ठरवा. पंचविशीतल्याला हाच खर्च पंधरा-वीस वर्षांच्या चष्म्यांशी आणि लेन्सशी ताडून पाहता येतो, आणि त्याचा हिशेब सहसा जमतो.

शेवटचं काम फुकटचं आहे, पण फार थोडे लोक ते करतात. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची मोजमापं आणि नकाशा यांच्या प्रती मागून घ्या, फोटो काढून घरच्यांनाही पाठवा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना लेझर झालेला डोळा नेहमीच्या सूत्रांना चकवतो. काचबिंदूसाठी मोजलेला दाबही प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. तुमच्या साठीत जे डॉक्टर तुम्हाला तपासतील, त्यांना हे कागद लागतील, आणि तोवर आजचं केंद्र चालू असेलच असं नाही. फाइल तुमच्याकडेच ठेवा.