पीक निदानासाठी नवीन डिजिटल कॅमेरा : शेतातील परीक्षण

कीड व रोगांच्या निदानासाठी छायाचित्रांचा वापर हा आता विस्तारकार्याचा नित्याचा भाग झाला आहे. विस्तार कार्यकर्ता किंवा शेतकरी शेतात छायाचित्र घेतो, ते तज्ज्ञाकडे जाते आणि त्यावरून फवारणीचा सल्ला दिला जातो. तज्ज्ञाने झाड पाहिलेले नसते. छायाचित्रात जे उमटले नाही, ते त्याच्या दृष्टीने शेतातही नसते. म्हणून नवीन कॅमेऱ्याची पारख दुकानातील दिव्यांखाली करून भागत नाही. वाऱ्याने हलणारे पान, पिकाखालची दाट सावली आणि भर दुपारचे ऊन अशा परिस्थितीतच ती करावी. कापूस किंवा मक्याच्या शेतात दोन-तीन तास दिल्यास हे काम पूर्ण होते.

प्रथम आकाराचा विचार करू. प्रौढ पांढरी माशी सुमारे १ मि.मी. लांबीची असते. २४ मेगापिक्सेल क्षमतेच्या कॅमेऱ्यात छायाचित्राच्या रुंदीत साधारण ६००० चित्रबिंदू असतात. ६० सें.मी. रुंदीचा भाग टिपला, तर एका माशीच्या वाट्याला १० बिंदू येतात, ६ सें.मी. रुंदीचा भाग टिपला, तर १००. दहा बिंदूंची माशी आणि धुळीचा कण यांत फरक करता येत नाही. कॅमेरा किती जवळून स्पष्ट चित्र घेऊ शकतो हे मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे, आणि जाहिरातीत नेमकी हीच बाब मागे पडते. पट्टीवरील मिलिमीटरच्या खुणांचे शक्य तितक्या जवळून छायाचित्र घेतल्यास खरी क्षमता लगेच कळते.

यानंतर वारा. पान सेकंदाला २० सें.मी. वेगाने हलत असेल, तर १/६० सेकंदाच्या शटरवेगात ते ३ मि.मी.पेक्षा अधिक सरकते, म्हणजे माशीच्या लांबीच्या तिपटीहून जास्त. १/१००० सेकंदात हेच सरकणे ०.२ मि.मी.वर येते. मात्र शटरचा वेग वाढवला की प्रकाश कमी पडतो. जवळच्या छायाचित्रात स्पष्टतेची खोली अत्यल्प असल्याने छिद्रमान एफ/८ ते एफ/११ ठेवावे लागते, त्यामुळे प्रकाश आणखी घटतो. ही तूट आयएसओ वाढवून भरून काढावी लागते. नव्या कॅमेऱ्याची खरी कसोटी येथे लागते. पानाच्या खालच्या बाजूचे एकच दृश्य आयएसओ २०० पासून दुप्पट करत ६४०० पर्यंत टिपावे आणि संगणकावर पूर्ण आकारात पाहावे. पानावरील लव ज्या आयएसओला दिसेनाशी होते, त्याच्या अलीकडची पायरी ही त्या कॅमेऱ्याची मर्यादा समजावी. थोडे दाणेदार पण स्पष्ट छायाचित्र निदानास चालते. गुळगुळीत आणि अस्पष्ट छायाचित्र चालत नाही.

सर्वांत अधिक फसवणूक होते ती रंगाची. कापसात तुडतुड्यांच्या प्रादुर्भावाने पानाच्या कडा प्रथम पिवळसर होतात, खाली वळतात आणि पुढे लालसर पडतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत मात्र जुनी, खालची पाने शिरांमधील भागात लाल होतात व शिरा हिरव्या राहतात. एका ठिकाणी कीटकनाशकाचा विचार करावा लागतो, दुसऱ्या ठिकाणी त्याचा काहीच उपयोग नसतो. दाट पिकाखाली प्रकाश पानांतून गाळून येतो व हिरवट होतो. हिरव्या शेडनेटखालीही तसेच घडते. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स हा हिरवटपणा काढण्याच्या प्रयत्नात पानावर नसलेली लाल-जांभळी छटा चढवू शकतो. परीक्षणासाठी तेच पान सावलीत, उन्हात आणि शेडनेटखाली टिपावे. प्रत्येक वेळी पानाशेजारी छायाचित्रणाचे राखाडी कार्ड ठेवावे. तिन्ही चित्रांत कार्डाचा रंग वेगवेगळा दिसल्यास त्या कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स कार्डावरून हाताने निश्चित करणे भाग आहे. कार्डाऐवजी चकचकीत पांढरा कागद वापरू नये. त्यातील उजळकांमुळे उन्हात निळसर झाक येते.

ऊन प्रखर असताना पिठ्या ढेकणासारखी पांढरी कीड पूर्ण पांढरी होऊन तिचा तपशील नाहीसा होतो. एक्सपोजर अर्धा ते एक टप्पा कमी करून पाहावे. पडदा उन्हात नीट दिसत नाही, म्हणून प्रकाशवितरणाच्या आलेखावर, म्हणजे हिस्टोग्रामवर, विसंबावे.

मक्याचा पोंगा ही आणखी एक उत्तम परीक्षा. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीची ओळख तिच्या डोक्यावरील उलट्या ‘वाय’सारख्या खुणेवरून आणि शेवटून दुसऱ्या खंडावरील चौकोनात मांडलेल्या चार ठिपक्यांवरून पटते. अळी पोंग्यात खोल असते, तेथे प्रकाश नसतो. थेट फ्लॅशने ओलसर अंग चमकते व ठिपके लोपतात. फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपर धरल्यास ते स्पष्ट उमटतात. चार ठिपके मोजता आले, तर कॅमेरा उत्तीर्ण.

हवामानाबाबत थोडक्यात. अनेक कॅमेऱ्यांसाठी उत्पादक ४० अंश सेल्सिअसपर्यंतच वापराची मर्यादा देतात. विदर्भात किंवा श्रीगंगानगरच्या कापूस पट्ट्यात उन्हाळ्यात पारा त्याहून वर जातो. बंद वाहनात कॅमेरा ठेवू नये. धुळीत आणि फवारणी चालू असताना भिंग बदलू नये. वातानुकूलित खोलीतून दमट शेतात नेताना कॅमेरा बंद प्लॅस्टिक पिशवीत अर्धा तास राहू द्यावा, अन्यथा भिंगावर बाष्प धरते. पावसापासून संरक्षण असल्याचा दावा असला, तरी भिंगालाही तसेच संरक्षण आहे का ते पाहावे.

शेवटी, घेतलेले छायाचित्र पाठवूनही पाहावे. संदेशवहनाच्या अ‍ॅपमधून साध्या पद्धतीने पाठवलेले चित्र बहुधा आकुंचित होते आणि माशीचे १०० बिंदू वाटेतच कमी होतात. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. सोबत संपूर्ण झाडाचे एक, पानाच्या दोन्ही बाजूंची दोन आणि किडीचे जवळून एक छायाचित्र, तसेच पिकाचे वय, वाण व मागील फवारणीची तारीख द्यावी.