सरासरीत लपलेला बिघाड

प्रश्न : मोबाइलवर सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण असूनही देवासहून धारच्या मामांशी बोलताना आवाज मध्येच तुटतो, कंपनी मात्र आपली आकडेवारी निर्दोष सांगते. खरे काय मानावे?
— एक वाचक, देवास

उत्तर : दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पट्ट्या केवळ लहरींचे सामर्थ्य दाखवितात; आवाजाची पाकिटे किती गळाली, किती विलंबाने पोहोचली, याविषयी त्या मौन बाळगतात. शिवाय, देवास व धार ही दोन्ही ठिकाणे ज्या परवाना-क्षेत्रात मोडतात, त्यात मध्य प्रदेशासह अवघा छत्तीसगडही समाविष्ट असल्याने, एवढ्या विस्तीर्ण मुलुखाच्या सरासरीत एखाद्या टॉवरची दुर्दशा सहज लपते. हे ओळखूनच दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) 2017 साली असा दंडक घातला होता, की किमान 90 टक्के सेलमध्ये (टॉवरच्या सेवाक्षेत्रांमध्ये), 90 टक्के दिवस, तुटणाऱ्या कॉलचे प्रमाण 2 टक्क्यांच्या आत असावे. निव्वळ सरासरीपेक्षा ही कसोटी मला अधिक न्याय्य वाटते. तथापि न तुटता अखेरपर्यंत अस्पष्टच राहिलेला कॉल या हिशेबात सुखरूप गणला जातो! म्हणून तक्रारीत वेळ, ठिकाण व बिघाडाचे स्वरूप तपशीलवार नमूद करावे, तक्रार-क्रमांक जपून ठेवावा आणि समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे रीतसर दाद मागावी.