दुर्बलतेतील सामर्थ्य

प्रश्न : दीर्घ आजारामुळे मंडळीतील माझी सेवा सुटली आहे. पुष्कळ प्रार्थना करूनही प्रकृतीस उतार नाही. माझा विश्वासच उणा आहे, असे समजावे काय?

उत्तर : तसे मुळीच समजू नये. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौलाने आपल्या देहातील एका काट्याचा उल्लेख केला आहे. तो काटा म्हणजे कोणती व्याधी अथवा कोणता छळ, याचा खुलासा त्याने केला नाही, परंतु तो दूर व्हावा म्हणून ३ वेळा केलेली त्याची विनंती प्रभूने मंजूर न करता आपली कृपाच पुरेशी असल्याचे आश्वासन दिले, हे मात्र तो निःसंकोचपणे सांगतो. प्रेषिताची ही गोष्ट असताना आपल्या आजारावरून आपल्या श्रद्धेचे मोजमाप करणे सर्वथा अन्यायाचे होय.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपणांस जवळचे आहे. श्रवणशक्ती मंदावलेली, १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तलेली, अशा अवस्थेतही केडगाव येथे बायबलच्या मराठी भाषांतराचे कार्य त्यांनी १९२२ सालच्या आपल्या मृत्यूपूर्वी तडीस नेले.

म्हणून औषधोपचार चालू ठेवावेत, दुःख देवापुढे स्पष्ट बोलावे आणि मंडळीतील बंधुभगिनींचे साहाय्य आनंदाने स्वीकारावे. कारण स्वतःच्या बळाचा भरवसा सुटल्यावरच मनुष्य कृपेवर खरोखर विसंबू लागतो, आणि रुग्णशय्येवरून इतरांसाठी केलेली प्रार्थना ही उपासनामंदिरातील सेवेहून तिळमात्र उणी नाही.