पडद्यावर काहीच दिसत नाहीये!

आपली मराठी शाळा रविवारी भरते, ती बहुतेक ठिकाणी उसन्या वर्गात. तिथला प्रोजेक्टर आपला नसतो, केबल आपली नसते, आणि ते सगळं माहीत असलेला माणूस रविवारी घरी असतो! तास दीड तासाचा. त्यातली वीस मिनिटं निळ्या पडद्याकडे बघण्यात गेली, तर आठवडाभर खपून केलेलं रायगडावरचं सादरीकरण दाखवायचं राहूनच जातं. आजी-आजोबा मागच्या बाकावर येऊन बसलेले असतील तर अजूनच वाईट वाटतं.

आधी हा संवाद मोठ्याने वाचा.

विद्यार्थिनी : ताई, पडदा निळाच आहे. लॅपटॉप बंद करून परत चालू करू?
ताई : थांब गं, एवढी घाई नको. पडदा निळा आहे म्हणजे प्रोजेक्टर चालू आहे. त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाहीये, एवढंच. रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ असं बटण आहे का बघ.
विद्यार्थिनी : आहे. दाबलं. ‘एचडीएमआय १’ असं आलं.
ताई : आणि आपली केबल कुठे लावली आहेस?
विद्यार्थिनी : (वाकून बघते) अय्या, दोनमध्ये!
ताई : मग दाब की अजून एकदा.

निळा पडदा आणि काळा पडदा यांत फरक आहे. पडद्यावर निळा रंग किंवा ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं दिसली, तर दिवा ठीक आहे. केबल आणि सोर्स तपासा. पडद्यावर उजेडच नसेल तर प्लग, स्विच आणि भिंगावरचं झाकण बघा. झाकण तसंच राहणं ही गंमत वाटते, पण असं खरंच होतं.

केबल नीट बसली, सोर्सही बरोबर आहे, तरी चित्र नाही? मग लॅपटॉपला सांगावं लागतं. विंडोज असेल तर विंडोजचं बटण दाबून धरा आणि ‘पी’ दाबा. चार पर्याय येतात : फक्त लॅपटॉपवर चित्र, दोन्हीकडे तेच चित्र, दोन्ही पडदे मिळून एक मोठा पडदा, आणि फक्त प्रोजेक्टरवर चित्र. वर्गासाठी दुसरा पर्याय सगळ्यांत सोपा. तिसरा निवडला की पडद्यावर नुसतं वॉलपेपर दिसतं आणि आपल्या खिडक्या लॅपटॉपवरच राहतात. मुलं म्हणतात, “बिघडलं!” बिघडलेलं काहीच नसतं. मॅकवर हीच निवड सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्लेज’मध्ये करतात.

जुन्या वर्गांत अजून व्हीजीए केबल भेटते : दोन बाजूंना स्क्रू, आत पंधरा पिना. ही पद्धत आयबीएमने १९८७ साली आणली. तिच्यातून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. एचडीएमआयमधून दोन्ही जातं, आणि त्यामुळे वेगळीच पंचाईत होते : पोवाडा लावला की आवाज लॅपटॉपमधून न येता प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरमधून येतो, किंवा येतच नाही. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून हवा ते निवडा.

एखाद्या नव्या लॅपटॉपला नुसतं टाइप-सी असतं. त्याला अडॅप्टर लागतो, तो घरूनच न्या. आणि घेताना जरा बघून घ्या, कारण प्रत्येक टाइप-सीमधून चित्र जातंच असं नाही. काहींतून फक्त चार्जिंग होतं आणि फायली जातात.

भाषेकडे लक्ष द्या

तो लॅपटॉप, ती केबल, ते बटण. म्हणून आपण म्हणतो : लॅपटॉप लावला, केबल लावली, बटण दाबलं. (लिहिताना ‘दाबले’ असंही लिहितात.) शब्द इंग्रजीतून आले, तरी मराठीत आल्यावर त्यांना लिंग मिळतंच.

रिकाम्या जागा भरा
१. तिने रिमोट ______. (शोधणे)
२. मी वायर ______. (काढणे)
३. ताईंनी झाकण ______. (उघडणे)

उत्तरं लिहा
१. पडदा निळा असेल तर आधी काय तपासाल? काळा असेल तर?
२. पडद्यावर नुसतं वॉलपेपर दिसतंय. कोणता पर्याय निवडला गेला असेल?
३. आजोबांना फोनवरून मदत करायची आहे. ‘तुम्ही’ वापरून चार सूचना लिहा. उदा. आजोबा, आधी केबल नीट बसली आहे का बघा.