फोल्डरची यादी आणि प्रतीक्षेचा प्रश्न

ग्रंथालयात पुस्तक मागितल्यावर ते येईपर्यंत खिडकीशी तिष्ठत उभे राहणे हा एक मार्ग. मागणीची चिठ्ठी पेटीत टाकून आपल्या जागी अन्य वाचन करीत बसणे हा दुसरा. संगणकातही हे दोन मार्ग आहेत. तेथे ग्रंथपालाचे काम कर्नेल, म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा, पार पाडतो.

फोल्डरमध्ये कोणत्या फाइली आहेत हे विचारणे, ही अशीच एक मागणी होय. लिनक्स प्रणालीत प्रोग्रामने दिलेल्या जागेत कर्नेल नोंदी भरून देतो. यादी लांब असल्यास ती हप्त्याहप्त्याने मिळते. नोंदी मेमरीत असतील तर उत्तर तत्काळ येते. नसतील तर डिस्ककडे जावे लागते. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवा तो भाग वाचण्याच्या जागी येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. हा काळ आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु सेकंदास ३ अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्यात १ कोटी २० लाख ठोके होऊन जातात. प्रोसेसर दुसऱ्या कामास लागतो हे खरे. पण मागणी करणारे काम तेथेच अडते. एकाच वेळी अनेकांची कामे सांभाळणाऱ्या प्रोग्रामास हे परवडत नाही.

२०१९ साली लिनक्सच्या ५.१ या आवृत्तीत जेन्स ॲक्सबो यांची 'आयओ-यूरिंग' योजना आली. तिच्यात दोन रांगा असतात: एकीत प्रोग्राम मागण्या ठेवतो, दुसरीत कर्नेल पूर्ततेच्या नोंदी ठेवतो. फाइली वाचण्या-लिहिण्याची सोय तिच्यात प्रथमपासून होती. फोल्डर वाचण्याची मागणीही तिच्यात यावी, असे प्रस्ताव २०२१ व २०२३ साली चर्चिले गेले.

यात अवघड ते काय? प्रत्येक मागणी एखाद्या मदतनिसाकडे सोपविणे सोपे आहे. परंतु मग मेमरीत तयार असलेल्या उत्तरासही विनाकारण वळसा पडतो. म्हणून उत्तम रीत अशी, की कर्नेलने प्रथम न थांबता प्रयत्न करावा, आणि थांबणे अटळ दिसल्यासच काम मदतनिसाकडे द्यावे.

तथापि थांबण्याच्या जागा अनेक आहेत. फोल्डरमध्ये त्याच वेळी कोणी नवी फाइल निर्माण करीत असेल, तर त्यास कुलूप असते. यादी कोठवर वाचली याची खूण दोघांत सामाईक असेल, तर तिलाही कुलूप लागते. फोल्डर केव्हा वाचले ती वेळ नोंदवितानाही खोळंबा संभवतो. यांपैकी प्रत्येक ठिकाणी 'आता नाही, पुन्हा विचारा' असे सांगण्याची सोय फाइल-व्यवस्थेच्या आत करावी लागते.

आणखी एक पेच पाहा. शंभरांपैकी चाळीस नावे लिहून झाली आणि पुढील नोंदी मेमरीत नाहीत, तर काय करावे? सरसकट नकार दिला, पण खूण पुढे सरकलेली राहिली, तर ती चाळीस नावे हरवतात. यास्तव तयार असलेली चाळीस नावे द्यावीत आणि खूण तेथेच ठेवावी. एकही नाव दिलेले नसेल तरच नकार द्यावा, आणि तोही खूण न हलविता.

सारांश, न थांबणे ही केवळ वेगाची बाब नव्हे. अर्धवट सोडलेले काम पुन्हा हाती घेतले असता यादीत एकही नाव गळू नये वा दोनदा येऊ नये, ही खरी कसोटी होय.