एक आणि अनेक



मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात लोक पहाटेच मोहफुले वेचायला निघतात. वाटेत वनरक्षक म्हणाला, "पाणवठ्यावर मोठा वाघ दिसला," किंवा "मोठे वाघ दिसले," तर या दोन वाक्यांत केवढा फरक आहे! 'वाघ' हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे. वाघ एक की अनेक, हे 'मोठा-मोठे' आणि 'दिसला-दिसले' यांवरून कळते. म्हणून नामाबरोबर विशेषणाचेही अनेकवचन शिकले पाहिजे.

पुल्लिंग : उर्दूत 'बड़ा रास्ता, बड़े रास्ते', मराठीत 'मोठा रस्ता, मोठे रस्ते'. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला आणि एका जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. वाघ, साग, दगड ही नामे मात्र बदलत नाहीत.

स्त्रीलिंग : उर्दूत 'बड़ी नदी, बड़ी नदियाँ'. विशेषण तसेच राहते. मराठीत तेही बदलते : मोठी नदी, मोठ्या नद्या. वर्धा आणि वैनगंगा या मोठ्या नद्या मिळून प्राणहिता होते. 'शाळा' हे नाम बदलत नाही, पण विशेषण बदलते : मोठी शाळा, मोठ्या शाळा.

नपुंसकलिंग : उर्दूत हे लिंग नाही, म्हणून आपल्या चुका येथेच जास्त होतात. 'पीले फूल' या सवयीने आपण 'पिवळे फुले' लिहितो. ते चूक आहे. पिवळे फूल, पिवळी फुले. हिरवे पान, हिरवी पाने असे लिहा. येथे 'पिवळी' पाहून 'फुले' स्त्रीलिंगी समजू नका.

लाल, उंच, सुंदर अशी विशेषणे बदलत नाहीत : उंच झाड, उंच झाडे.

आपल्या ओळखीचे काही शब्द मराठीत मराठीच्या नियमाने चालतात. उर्दूत 'हक़-हुक़ूक़', 'तारीख़-तवारीख़'. मराठीत हक्क-हक्क, तारीख-तारखा, जमीन-जमिनी.

लक्षात ठेवा : आधी नामाचे लिंग ओळखा, मग अनेकवचन करा.

स्वाध्याय

१. कंसातील विशेषणाचे योग्य रूप लिहा.
(अ) मजूर तेंदूची ------ पाने गोळा करतात. (हिरवे)
(आ) या जंगलात दोन ------ ओढे आहेत. (मोठा)
(इ) गावात दोन ------ शाळा आहेत. (जुनी)

२. वचन बदलून वाक्य पुन्हा लिहा.
मोठी वाघीण पाण्यावर आली.

३. तुमच्या गावाजवळच्या जंगलाविषयी पाच वाक्ये लिहा. त्यांतील अनेकवचनी नामे व विशेषणे अधोरेखित करा.