संगणकावर मराठी फाइल शोधताना

भोपाळच्या रायसेन रोडवरील आनंद नगरात बसून मी मराठीत लिहितो, आणि कामापुरते हिंदीतही. संगणकात दोन्ही भाषांच्या काही हजार फाइली साठल्या आहेत. शिवाय एका दिवंगत ज्येष्ठ स्नेह्यांच्या लेखनाचा संग्रह त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे सोपवला आहे. फाइल चटकन सापडावी म्हणून कोणता प्रोग्राम घ्यावा, असे लेखक-शिक्षक मित्र विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे.

विंडोजवर माझी पसंती 'एव्हरीथिंग' या मोफत प्रोग्रामला. तो डिस्कवरील फाइलींची मूळ यादीच वाचतो. त्यामुळे दोन-तीन अक्षरे टंकताच नावे समोर येतात. नावाच्या मधला तुकडाही त्याला पुरतो. एंटर दाबले की फाइल उघडते. मात्र तो मुख्यतः नावे पाहतो. मजकुरातला शब्द हवा असेल तर विंडोजचा स्वतःचा शोध वापरावा; मॅकवर २००५पासून 'स्पॉटलाइट' आहे. गूगलचा डेस्कटॉप शोध २००४मध्ये आला आणि २०११मध्ये बंदही झाला. म्हणून एखाद्या साधनाच्या खुणांवर विसंबण्यापेक्षा फाइलीला नीट नाव देणे मला अधिक भरवशाचे वाटते. नाव साधन बदलले तरी राहते.

खरी अडचण पुढे आहे. संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचा संकेतांक पाहतो. 'ॲकॅडमी' आणि 'अॅकॅडमी' हे दोन शब्द वाचणाऱ्याला एकच आहेत. पहिल्यातला 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन काम भागवत असत, आणि अजूनही पुष्कळजण तसेच टंकतात. संकेतांक वेगळे असल्याने एक शोधला तर दुसरा हाती लागेलच असे नाही. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' यांचेही तेच. एकात 'ऱ' हे अक्षर आहे, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. हिंदीतला 'ड़' असाच दोन प्रकारे लिहिला जातो. भोपाळात गावांची आणि माणसांची नावे शोधताना तो हटकून आडवा येतो. अंकांचेही तसेच: देवनागरी '२०१९' आणि इंग्रजी अंकांतले तेच वर्ष ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी चिन्हमाला आहेत.

यावर माझा उपाय साधा आहे: शंकास्पद अक्षर गाळायचे. 'ॲकॅडमी'साठी 'कॅडमी' टंकावे. 'दुसऱ्या आवृत्ती'साठी 'दुस' आणि 'आवृ' हे तुकडे मध्ये जागा सोडून दिले की 'एव्हरीथिंग' दोन्ही असलेली नावे दाखवतो. विंडोजचा शोध सहसा शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो, म्हणून तिथे शेपूट गाळणे सोयीचे.

इथे व्याकरण कामी येते. 'घोडा' शोधला तर 'घोड्याने' निसटतो. 'पाणी' शोधले तर 'पाण्यात'. सामान्यरूपात न बदलणारा भाग, म्हणजे 'घोड' किंवा 'पाण', शोधावा. विद्यार्थ्यांना सामान्यरूप शिकवायला याहून चांगले निमित्त मला तरी सापडलेले नाही. जुन्या पुस्तकांतून उतरवलेल्या मजकुरात १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अनुस्वार असतात. तिथे 'काही'बरोबर 'कांहीं'ही शोधावे लागते.

प्रोग्राम झटपट उघडण्याच्या बाबतीत अडतो तो कळफलक. इन्स्क्रिप्ट चालू असताना 'वर्ड'ची इंग्रजी अक्षरे दाबली तर मात्रा, द, दीर्घ वेलांटी आणि हलन्त उमटतात. असा प्रोग्राम कुठे असणार? रोजचे प्रोग्राम खालच्या पट्टीवर क्रमाने लावावेत आणि विंडोजची कळ दाबून क्रमांक दाबावा. भाषा कोणतीही असो, पहिल्या क्रमांकावरचा प्रोग्राम उघडतो. नाहीतर डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला 'लेखन' असे देवनागरी नाव द्यावे आणि तेच शोधावे.

राहिला तो संग्रह. त्यातला बराच मजकूर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत आहे. आमच्याकडे सर्वत्र चालणाऱ्या कृतिदेवात 'भोपाल' लिहिले की आत साठतात ती एच, के, के, एस, आय, के, वाय ही इंग्रजी अक्षरे. फॉन्ट आहे तोवर पडद्यावर देवनागरी दिसते. पण कोणतेही साधन त्यात 'भोपाल' शोधू शकत नाही. फॉन्ट गेला तर वाचणाराही हरतो. म्हणून आधी प्रत्येक फाइलीला विषय आणि वर्ष सांगणारे युनिकोड नाव द्यायचे, मग परिवर्तकाने मजकूर बदलायचा, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासायचे, मूळ फाइल तशीच ठेवायची. नावे देण्याचे काम मी आधी घेतले आहे, कारण प्रत्येक फाइल उघडून मूळ फॉन्टात वाचल्याशिवाय ती कशाची हे कळत नाही, आणि ते फॉन्ट आता माझ्या एकाच जुन्या संगणकावर उरले आहेत.